कौल लावायचं यंत्र: गणपतीच्या देखाव्यात एआय आणला त्याचा सगळा अनुभव

आज सर्वपित्री, त्यात रविवार. देखावा उतरवून पंधरा दिवस झाले आणि आता कुठं बसून लिहायला सवड मिळतेय. दोघातिघांनी विचारलं की पुढच्या वर्षी असं काही आम्हाला करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, परवानगीचं काय, खर्च किती आला, लोक चिडले नाहीत का. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा तारखांसकट एकदाच लिहून टाकते. मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते, कॉम्प्युटरचं शिक्षण काही नाही, तेव्हा ज्याला कोडिंग येत नाही त्यानं घाबरायचं कारण नाही.

हे का केलं ते आधी सांगते. 2022 च्या सप्टेंबरात आपल्या सगळ्यांच्याच मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, आठवत असेल. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. मला एक मेसेज आला, ‘साधूच्या वेशात टोळी फिरतेय, आपापली मुलं सांभाळा’, खाली फोटो. मी तो गल्लीच्या ग्रुपवर आणि वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि भाजी फोडणीला घातली, म्हणजे विचार करायला तेवढा पण वेळ घेतला नाही. नंतर 13 तारखेला जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना लोकांनी मारहाण केली. उत्तर प्रदेशातून आलेले, पंढरपूरला निघालेले, एका मुलाला रस्ता विचारला एवढंच त्यांचं झालं. तो व्हिडिओ पण त्याच ग्रुपवर आला, माझ्या मेसेजच्या थोडंच खाली. माझा मेसेज लवंग्यापर्यंत गेला असं मी म्हणत नाही, पण ‘साधूच्या वेशात’ हे शब्द मी पण पुढं पाठवलेले होते. 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेनं भिक्षा मागणारे पाच जण मारले गेले होते आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, हे मला माहीत होतं तरी मी पाठवला. दोन ग्रुपला पाठवायला पाचची मर्यादा आड येत नाही.

तो मेसेज मी पुसला नाही, जपून ठेवला. पुढं तो कामाला आला.

या वर्षी, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात, आजोळी गेले होते, वाळवा तालुक्यात. मामा गुरव, देवळाची पूजा त्यांच्याकडं. तिथं अजून कौल लावतात. देवाच्या दोन्ही अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एक बाई जमिनीच्या वाटणीचं विचारायला आली होती. मामा पाकळ्या न लावता तिच्याशी पाऊण तास बोलत बसले. नेमकं काय विचारायचंय, भावाच्या कानावर घातलंस का, डावा आला तर मानशील का, उजवा आला आणि भाऊ आयुष्यभर बोलला नाही तर चालंल का. शेवटी ती म्हणाली, राहू दे मामा, आधी त्याच्याशी बोलते, आणि नारळ ठेवून गेली. कौल लावलाच नाही. मी विचारलं, असं नेहमी होतं का, तर मामा म्हणाले, “प्रश्न आधी धुवून घ्याय लागतोय. निम्मी माणसं धुता धुताच घरला जात्यात.”

येताना एसटीत हेच डोक्यात होतं. हल्ली लोक एआयला काय काय विचारतात, नवऱ्याला हे बोलू का, हिच्या फोटोवर ही कमेंट टाकू का, आणि ते लगेच उत्तर देतं. पाऊण तास कोण बसवून घेत नाही. म्हटलं, एक यंत्र करायचं. खोपटासारखा छोटा मांडव, आत नदीतला काळा गोटा, त्याच्यावर दोन पाकळ्या. माणसानं फॉरवर्ड करायचा मेसेज किंवा टाकायची कमेंट आत लिहायची आणि एआयनं कौल द्यायचा, पाठवू की नको.

29 जूनला, रविवारी, मंडळाची बैठक होती. मंडळातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, मला अजून बाईच म्हणतात. कोण किल्ला म्हणत होतं, कोण ऑपरेशन सिंदूर. मी माझं सांगितलं. पोरांना आवडलं, पण खजिनदार तात्या (वय 71) म्हणाले, “बाई, गणपतीच्या मांडवात दुसरा देव कशाला उभा करताय?”

हा प्रश्न मी मनावर घेतला, आणि तुम्ही पण घ्या. मी पोरांना मोबाईलवर दाखवायला बरंच काही घेऊन गेले होते. जपानमध्ये क्योटोच्या कोदाइजी देवळात 2019 पासून माइंदार नावाचा यंत्रमानव प्रवचन देतो, तो तिथल्या करुणेच्या देवतेचं, कॅनॉनचं रूप म्हणूनच उभा केलाय. जर्मनीत विटेनबर्गला 2017 ला आशीर्वाद देणारा रोबो ठेवला होता. पुण्यात त्याच वर्षी गणपतीची आरती रोबोच्या हातानं झालेली. आणि 2024 ला स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नच्या पीटर्स चॅपेलमध्ये कन्फेशनच्या खोलीत पडद्यावर एआयचा येशू बसवला होता, दोन महिने, शंभरएक भाषांत बोलायचा, नऊशेच्या आसपास संवाद झाले. तात्यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, हे लोक आपल्या देवाचं तोंड मशीनला देतायत, ते मला पटत नाही, तुमच्यात तसं असेल तर मंडळाचा एक रुपया मिळणार नाही.

मग आम्ही तिथंच तीन अटी कागदावर लिहिल्या. कुठल्याही देवाचा चेहरा, नाव किंवा आवाज नाही. गणपतीच्या मूर्तीपासून किमान तीस फूट लांब. आणि यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही. मंडळानं 15,000 मंजूर केले. माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे, त्यानं पण तेच सांगितलं, की जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावल्याचं कलम (आधीचं 295-अ, आता भारतीय न्याय संहितेत 299) हेतू बघतं, तेव्हा तुमचा हेतू आधीपासून लेखी असू द्या आणि त्यावर मंडळाचा शिक्का घ्या. हा सल्ला सोन्यासारखा निघाला.

जुलै सगळा जुळवाजुळवीत गेला. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्यानं एक आर्डुइनो (मोटर चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), दोन छोट्या सर्व्हो मोटरी आणि जुना लॅपटॉप जोडला. मोटर गोट्याला मागून हलकासा ठोका द्यायची आणि पाकळी पडायची. ऐकायला सोपं आहे, पण झेंडूची पाकळी हलकी, ती चिकटून बसते, शेवंतीची वाळली की आपोआप पडते, शेवटी गुलाबाची बरी लागली. पाण्यात बुडवून, झटकून, लगेच लावायची. गोटा मी विष्णूघाटावरनं उचलला, दोन्ही हातात मावेल एवढा, एका अंगाला पांढरी शीर असलेला.

परवानगीचं आता. 4 ऑगस्टला, सोमवारी, आमचा सेक्रेटरी आणि मी मंडळाचे कागद घेऊन गेलो. मंडळाला दरवर्षी लागतात ते कागद होतेच, म्हणजे मांडवाची जागा दाखवणारा नकाशा, वाहतुकीचा ना हरकत, वर्गणीसाठी धर्मादायकडची 41-क ची परवानगी, तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज. एक खिडकी असली तरी प्रत्येक कागदाच्या तीन प्रती न्या आणि प्रत्येक वेळी पोच घ्या. वीजजोडणीला परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आमच्याकडं पाणी आणि वीज एकाच टेबलावर, म्हणून त्यानं स्वतंत्र आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायला लावला, 3,200 रुपये गेले वायरिंगसकट, पण तिथं काटकसर करू नका, आत लहान मुलं हात घालणारच.

6 तारखेला देखाव्याच्या विषयाची माहिती द्यायला पोलिसांकडं. साहेब सज्जन होते, चहा दिला. म्हणाले, मॅडम संहिता आणा. मी म्हटलं, संहिता कसली, नाटक नाहीये. ते म्हणाले, देखाव्यात बोलणं आहे ना, मग जे बोललं जाणार ते लेखी पाहिजे. मी सांगितलं की यंत्र काय बोलेल ते आधी सांगता येत नाही, समोरचा माणूस जे लिहील ते वाचून ते बोलतं. त्यावर ते म्हणाले, “जे तुम्हालाच आधी सांगता येत नाही त्याला मी परवानगी कशी देऊ?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मिरजेत 2009 ला गणपतीत कमानीवरच्या एका चित्रावरनं दंगल झालेली, सांगलीपर्यंत लोण आलेलं, मी तेव्हा इथंच होते. 2025 ला ईद पण 5 सप्टेंबरला, विसर्जनाच्या आदल्या दिवशी. साहेबांची काळजी खरी होती. पण घरी येताना मला फार राग आला होता, आणि तो राग दोन दिवस गेला नाही.

राखीपौर्णिमा झाली आणि 10 तारखेला आम्ही पहिल्यांदा सगळं जोडून चाचणी घेतली. माझ्याकडं जपून ठेवलेला 2022 चा मेसेज होता, तोच पहिला टाकला. एआयनं दोनतीन सेकंद घेतले आणि उजवी पाकळी पडली. खाली चिठ्ठी छापून आली: पालकांना सावध करणारा संदेश आहे, पाठवायला हरकत नाही.

मी ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. भाचा म्हणाला, मावशी थांब, परत टाकू. परत टाकला तर डावी. तिसऱ्यांदा उजवी. ‘साधूच्या वेशात’च्या जागी ‘अनोळखी’ लिहिलं तर उजवी. शेवटी ‘मुलांच्या भल्यासाठी’ जोडलं तर काहीही लिहिलं तरी उजवी. भाच्यानं शोधून सांगितलं की हे आपलंच नाही. अमेरिकेत सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटनं ऑक्टोबर 2021 मध्ये डेल्फी नावाचं असंच एक निवाडा देणारं एआय लोकांसाठी खुलं केलं होतं, माणसांनी दिलेले 17 लाख निवाडे शिकवून, आणि तिथं पण लोकांनी दाखवून दिलं की भयंकर गोष्टीच्या शेवटी ‘सगळ्यांना आनंद होणार असेल तर’ असं जोडलं की निवाडा फिरतो. नाव पण ग्रीक लोकांच्या कौलाच्या देवळाचंच ठेवलेलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मशीन चुकलं याचं तेवढं नाही वाटलं. पाकळी पडताना ते इतकं खरं, इतकं देवळातल्यासारखं दिसत होतं की समोर दुसरं कोण असतं तर त्यानं तो मेसेज शांत मनानं पाठवला असता, आणि वर म्हणाला असता, कौल उजवा आला. म्हणजे माझ्याकडनं 2022 ला जे एकदा झालं ते मी आता यंत्रानं रोज संध्याकाळी करायला निघाले होते. दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. मंगळवारी 12 ला अंगारकी, पोरं सगळी गणपती मंदिराकडं, मंडळाच्या खोलीत मी एकटी. तिथं बसून मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अगं, तू प्रश्न न धुताच पाकळी लावलीस.”

आणि साहेबांचं वाक्य पण तेव्हाच डोक्यात बसलं. जे मला आधी सांगता येत नाही ते मी लोकांपुढं ठेवूच कशाला.

15 ऑगस्टचं झेंडावंदन करून आल्यावर मी आणि भाचा संध्याकाळपर्यंत बसलो. कौल द्यायचं काम एआयकडनं काढून घेतलं. आता ते फक्त मेसेज वाचून तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखणार, म्हणजे अफवा, कुणाची बदनामी, देवाधर्मावरनं शिवी, घरगुती औषध, नुसतं शुभ सकाळ, आणि आम्ही लिहिलेल्या 42 प्रश्नांतले तीन निवडून एकेक करून विचारणार. स्वतःचं एक अक्षर बोलणार नाही. तिन्ही प्रश्न झाले की माणसानं स्वतः लाकडी खुंटी उजवीकडं किंवा डावीकडं फिरवायची, तशी पाकळी पडणार, आणि चिठ्ठीवर त्याचे तीन प्रश्न छापून येणार. यात एक फायदा असा झाला की एवढ्या कामाला लॅपटॉपवरच चालणारं छोटं एआय मॉडेल पुरलं, इंटरनेट लागलं नाही. गणपतीत गर्दीत नेटवर्क जातं हे लक्षात ठेवा.

प्रश्न लिहायला सगळ्यात जास्त कष्ट पडले. पहिल्या खेपेला सगळे शाळेतल्या बाईनं दटावल्यासारखे झालेले. ते फाडले. मग मामांना फोन करून करून, एकेक धुवून घेतला. काही सांगते. ‘हे तुम्ही बघितलंय, का ऐकलंय?’ ‘ज्याच्याबद्दल लिहिलंय तो आत्ता या खोलीत आला तर वाचून दाखवाल का?’ ‘हेच वाक्य तुमच्या देवाबद्दल कुणी लिहिलं तर?’ ‘खोटं निघालं तर ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांना परत सांगायला जाल का?’ ‘हे पाठवून तुम्हाला नेमकं काय पाहिजे?’ हा शेवटचा मामांचा, आणि लोक सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच थांबले.

18 तारखेला 42 प्रश्नांची टाइप केलेली यादी, मंडळाच्या शिक्क्याच्या तीन अटी आणि साध्या कागदावर हमीपत्र घेऊन परत गेलो. साहेबांनी यादी पूर्ण वाचली, घाईत नाही, एकेक. दोन प्रश्नांवर पेन्सिलनं खूण केली की शब्द बदला, एकात एका समाजाचं नाव आलं होतं. त्यांचं बरोबर होतं, मी बदललं. 25 ला, म्हणजे गणपतीच्या दोन दिवस आधी, परवानगीचा कागद हातात आला. मधल्या काळात चार फेऱ्या झाल्या. शाळेची अर्धी रजा तीनदा टाकली. ज्यांना करायचंय त्यांनी जुलैतच संहिता तयार ठेवा, ऑगस्टची वाट बघू नका.

यादी दिली त्याच आठवड्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. सुतार घाटाजवळच राहतो, त्याच्या शेडमध्ये आमचं खोपट तयार होत होतं. 20 तारखेला रात्री पोरांनी ते भिजत टेम्पोत घालून मंडळाच्या खोलीत आणलं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, पाऊस लागला की गल्लीत कुणाला झोप नसते. आणि तेव्हाच ग्रुपवर आलं, ‘रात्री 55 फूट, प्रशासन लपवतंय, सगळ्यांना पाठवा’. तात्यांनी ते मला दाखवलं. म्हटलं, तात्या, मशीन जोडलेलंच आहे, यात लिहा की.

तात्यांनी चष्मा पुसला आणि बोटानं अक्षर अक्षर काढत लिहिलं. पहिला प्रश्न आला, हे तुम्ही बघितलंय का ऐकलंय. तात्या वाचत राहिले. दुसरा आला, हे कुणी मोजलं त्याचं नाव सांगता येईल का. त्यांनी तिसरा येऊच दिला नाही. खुंटीला हात लावला नाही, छत्री घेतली आणि म्हणाले, पुलावर पट्टी आहे, मी बघून येतो. एक पोरगा गाडीवर त्यांना घेऊन गेला. अर्ध्या तासानं आले, ओले चिंब. त्यांनी पट्टीवरचा आकडा वेळ घालून ग्रुपवर टाकला, इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 हे पण लिहिलं, आणि खाली ‘स्वतः बघून आलोय’. त्या पाण्याला 55 अजून फार लांब होतं. नंतर त्यांनी हळदकुंकवाची अट मला परत एकदा वाचून दाखवली, मात्र यंत्राला विरोध केला नाही.

30 ऑगस्टला, शनिवारी, उघडलं. रोज संध्याकाळी साडेसहा ते दहा, 5 सप्टेंबरपर्यंत सात दिवस. एका वेळी एकच माणूस आत, पडदा ओढलेला. बाहेर फळीवर लिहिलेलं, नाव फोन नंबर लिहू नका, काहीही साठवलं जात नाही. लुसर्नमध्ये पण खाजगी माहिती सांगू नका अशी सूचना दिली होती, तिथनंच घेतलं. आम्ही खरंच काही साठवलं नाही, फक्त उजवे किती, डावे किती एवढा आकडा.

पहिल्या दिवशी बोलून लिहायची सोय ठेवली होती, ढोलाच्या आवाजात ती निकामी. मराठी कीबोर्ड वयस्कर लोकांना येत नाही. म्हणून एक मुलगी लिहून द्यायला बसवली, तर एक बाई आत गेल्या आणि तिला म्हणाल्या, बाळ तू जरा बाहेर जातेस का. 1966 ला वाइझनबाम नावाच्या शास्त्रज्ञानं एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला होता, तेव्हा त्याच्या सेक्रेटरीनं त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं, मशीनशी एकटीला बोलायचंय म्हणून. मला ते वाचलेलं आठवलं आणि अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी टॅबवर बोटानं अक्षर काढायचा कीबोर्ड लावला, जसा तात्यांनी चाचणीला वापरला होता, आणि मुलीला बाहेर बसवलं. हे आधीच करा.

रविवारी गौरी आल्या, पाऊस पण आला. प्रिंटरचा कागद दमट होऊन अडकायला लागला, पाकळ्या पडेनात. रोल स्टीलच्या डब्यात तांदूळ घालून ठेवायला लागलो, त्यानं बरंच सुधारलं.

सोमवारी गौरीपूजनाच्या संध्याकाळी एक आजी आल्या, नऊवारी, हातात पिशवी. आत गेल्या आणि पाच मिनिटं बाहेर आल्या नाहीत. मी पडदा थोडा सारला. टॅबला त्यांनी हात पण लावला नव्हता. गोट्यापुढं दहाचं नाणं ठेवलेलं, पाकळी सरळ करून बसवलेली, आणि कपाळ टेबलाला टेकवलेलं. मी म्हटलं, आजी, हा देव नाही, मशीन आहे. त्या म्हणाल्या, असू दे की, दगड तर आपल्या कृष्णाबाईचाच हाय न्हवं. मला पुढं काही बोलता आलं नाही. काय विचारायचंय म्हटलं तर नातवाबद्दलचा प्रश्न त्यांना विचारायचा होता, तो मुलगा वर्षभर फोन करत नाही. ते काम ना यंत्राचं होतं ना माझं. मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले, नंबर लावून दिला. त्यानं उचलला नाही. आजी थोडा वेळ बसल्या आणि मग गर्दीतनं गेल्या.

त्यानंतर ‘इथं पैसे ठेवू नयेत’ अशी पाटी लावली, तरी सात दिवसांत 214 रुपये निघाले. तात्यांनी ते मंडळाच्या पावतीपुस्तकात नंबर टाकून जमा केले. तुम्ही पण करा, गोट्यापुढचं नाणं कुणाच्या खिशात गेलं असं कुणी म्हणायला नको.

सगळे प्रश्न वाचून शहाणे झाले असं काही नाही. एकूण 470 च्या आसपास लोक आले, 203 जणांनी खुंटी उजवीकडं फिरवली, यात शुभेच्छा किती आणि शिव्या किती ते मला माहीत नाही. एक माणूस बाहेर येऊन म्हणाला, आता मशीन आम्हाला संस्कार शिकवणार का. मी म्हटलं, ते नुसतं विचारतंय, खुंटी तुमच्या हातात आहे. तो म्हणाला, तेच तर. आणि एक कॉलेजचा मुलगा, त्यानं चिठ्ठी मलाच आणून दिली. त्याच्यावर प्रश्न होता, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो आत्ता या खोलीत आला तर. म्हणाला, बाई, ती माझ्या वर्गातच आहे, स्क्रीनशॉट मी आधीच पाठवलेत. आता काय करू. मी त्याला विचारलं, किती जणांना. अकरा. मग आम्ही बाहेर बसून अकराच्या अकरा जणांना मेसेज लिहिला, त्यानं स्वतःच्या शब्दात, मी नुसती शेजारी होते. त्या मुलीला तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

खर्च लिहिते, लोक हेच विचारतात. खोपट 11,800, प्रिंटर 2,900, मोटरी आर्डुइनो आणि वायरी 1,450, कागदाचे दहा रोल 350 (चारच लागले), वायरिंग 3,200, फ्लेक्स 1,260, गुलाब रोजचे 80 प्रमाणे 560, पहिल्या फसलेल्या चाचण्यांत ऑनलाइन एआयला गेलेले 1,130, झेरॉक्स, प्रिंटआउट आणि रिक्षा 640. एकूण 23,290. मंडळाचे 15,000, बाकीचे मी घातले. टॅब भाच्याचा, लॅपटॉप घरचाच जुना.

6 ला विसर्जन झालं, 7 ला खोपट उतरवलं. वीजजोडणीची अनामत अजून परत आलेली नाही, पोच माझ्याकडं आहे. 42 प्रश्न कुणाला हवे असतील तर सांगा, पाठवते, पण तुमच्या गावात तुमच्या माणसांना विचारून बदलून घ्या.

गोट्याचं काय करायचं यावर पोरांची चर्चा झाली. कोणी म्हणालं खोलीत ठेवू, पुढच्या वर्षी लागेल. मामांना विचारलं तर म्हणाले, नमस्कार झालाय त्याला, पाय लागंल असा ठेवू नका. मग तात्या आणि मी सकाळी विष्णूघाटावर गेलो. पाणी उतरलं होतं, पायऱ्यांवर गाळ. तात्यांनी गोटा धुतला, पांढरी शीर परत दिसायला लागली, आणि मी जिथनं उचलला होता साधारण तिथंच तो पाण्यात सोडला.